कागदावर रिकामी बस

नवागाम, सुरत
रविवार, २ मार्च २०२५

ती. दादा आणि वहिनी यांस सुवर्णाचा सा. न. वि. वि.

हे पत्र तुम्हा दोघांना आहे, आणि नवागामच्या थांब्यावर हातात डबा घेऊन उभ्या राहिलेल्या आपल्या प्रत्येक माणसालाही आहे, कारण गाऱ्हाणं सगळ्यांचं एकच आहे. आपली बस काढून घेतायत. गुरुवारी थांब्याच्या खांबावर गुजरातीत छापलेला कागद लागला. नवागाम ते पर्वत पाटिया ही बस एक एप्रिलपासून बंद. कारण काय, तर प्रवासी मिळत नाहीत.

दादा, हा कागद मी वाचत होते तेव्हा माझ्या पाठीला शेजारच्या पुष्पाबाईचं साड्यांचं गाठोडं टेकलेलं होतं, तिच्या पाठीला कुणाचं तरी कोपर, आणि समोरून येणाऱ्या बसच्या दारात चार जण लोंबकळत होते. प्रवासी मिळत नाहीत म्हणे. मी तिथल्याच कट्ट्यावर चढले आणि सगळ्यांना तो कागद मोठ्याने वाचून दाखवला. दोन बसगाड्या सुटल्या, पण माणसं हलली नाहीत. तू बावीस वर्षं लूमच्या खडखडाटात कान गमावून बसलास, फोनवर तुला काही ऐकू येत नाही, म्हणून तेच भाषण आता कागदावर करतेय.

चौकशी केली तेव्हा कळलं की या बसचा मालक शोधणं किती अवघड आहे. बाहेर नाव शहराचं. गाडी ठेकेदाराची. ड्रायव्हर ठेकेदाराचा, कंडक्टर दुसऱ्याच एजन्सीचा, तिकिटाचं मशीन तिसऱ्या कंपनीचं. तुझा संदीप रोज ज्या बसमध्ये कंडक्टर म्हणून आठ तास उभा असतो, तिथे त्याच्या अंगावरचा शर्टसुद्धा एजन्सीचा. बस कुणाची असं विचारलं की जो तो पुढच्याकडे बोट दाखवतो. बंद करायची म्हटली की सही करणारा मात्र लगेच सापडतो.

आणि आपल्या गावचा उखा खुशीत आहे. त्याच्या आता तीन इको गाड्या झाल्यात. बसच्या दोन मिनिटं आधी थांब्यावर येतो, हॉर्न वाजवतो, सात-आठ माणसं कोंबून निघतो. मला म्हणाला, ताई, कशाला गळा बसवून घेतेस, एक तारखेपासून मी आहेच की. मी सगळ्यांसमोर विचारलं, गाठोड्याचं काय घेशील? गाठोडं म्हणजे एक सीट, म्हणाला. म्हणजे पुष्पाबाईने मार्केटातून साड्या आणायच्या, घरी बसून लेस लावायची, परत पोचवायच्या, आणि मजुरी उखाच्या गाडीत ठेवून यायची. मी म्हटलं, बस गेल्यावर भाडं वाढवणार नाहीस असं इथे खांबावर लिहून दे. त्याने हॉर्न वाजवला आणि गेला.

पुढच्या सोमवारी, दहा तारखेला, चाळीस माणसं घेऊन मी बस ऑफिसात जाणार आहे. जाणार त्याच बसने, म्हणजे साहेबांना प्रवासी कसे दिसतात ते बघता येईल. संदीप बरा आहे. अख्खी वस्ती त्याच्या बसला आपली बस म्हणते.

वहिनीला गुडघ्याला तेल लावायला सांग. लोभ आहेच. या महिन्यात तो वाढवू नकोस, फक्त माझ्या बाजूला ठेव.

तुझी,
सुवर्णा


ता. अमळनेर, जि. जळगाव
गुरुवार, ६ मार्च २०२५

चि. सुवर्णा हीस हिलालचे अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. वाचताना कान नसूनही आवाज आला. लहानपणी विहिरीवर पाणी भरायला पाठवली की तू बायकांना जमवून काहीतरी समजावत बसायचीस आणि घरी आई घागरीची वाट बघायची. चाळिशी उलटली तरी घागर अजून भरलेली नाही.

इकडे ठीक आहे. हरभरा निघाला. तुझ्या वहिनीचे गुडघे तेलाने ऐकत नाहीत, मीही कुणाचं ऐकत नाही, म्हणून घरात शांतता आहे.

बस बंद होते हे वाचून वाईट वाटलं. त्या थांब्यावर मी किती पहाटा काढल्या. पण तुला एकच सांगणं आहे. संदीप त्याच बसवर आहे. बंद झाली तर एजन्सी त्याला दुसऱ्या रूटवर टाकेल, तसं तो म्हणालाही होता. पण तू ऑफिसात जाऊन गोंधळ घातलास आणि तो तुझा भाचा आहे हे कुणी सांगितलं, तर त्याला कुठेच टाकणार नाहीत. भाषण कर, पण त्याच्या डेपोच्या दारात नको.

परवा तुमच्या वस्तीतला नितीन गावी आला होता. संदीप आपल्या वस्तीतल्या गरिबांना सवलतीत नेतो असं त्याने कागदावर लिहून मला दाखवलं. वाचून बरं वाटलं. आपल्या घरात कुणाच्या हातात दुसऱ्याला सवलत द्यायची सत्ता येईल असं मला वाटलं नव्हतं.

जपून राहा. माझा लोभ तुझ्यावर आहे, पण पोरावर जरा जास्त आहे, हे धरून चाल.

तुझा,
दादा


नवागाम, सुरत
सोमवार, १० मार्च २०२५

ती. दादास सा. न. वि. वि.

ऑफिसातून आत्ताच आले. पाय धुतले आणि लिहायला बसले, कारण उद्यापर्यंत थांबले तर मी हे सगळं माझ्या सोयीने आठवेन.

चाळीस जण गेलो. बत्तीस बायका, आठ पुरुष. साहेब तरुण होता, गुजराती, बोलायला मऊ. सगळ्यांना पाणी दिलं. मी जे बोलायचं ते बोलले आणि चांगलं बोलले, दादा. बसमध्ये श्वास घ्यायला जागा नसते, गाठोडी खिडकीतून आत द्यावी लागतात, आणि तुम्ही म्हणता प्रवासी नाहीत, असं विचारलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबाने सगळं ऐकून घेतलं आणि स्क्रीन आमच्याकडे वळवली. एका फेरीला सरासरी अकरा प्रवासी. दोन वर्षांचा आकडा.

मी म्हटलं, हे खोटं आहे. तो म्हणाला, बेन, तुम्ही आज कशाने आलात? आमच्याच बसने, सगळे एकदम बोलले. मग त्याने हात पुढे केला आणि हळू आवाजात म्हणाला, “टिकिट बतावो.”

चाळीस माणसं, दादा. एकाकडेही तिकीट नव्हतं.

पुष्पाबाईने पाकीट उघडून एक कागद काढला. मागच्या दिवाळीतलं तिकीट होतं, तिने का जपलं होतं देव जाणे. पण त्या कागदावरची शाई उडून जाते. साहेबाने ते पांढरं चिटोरं दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि आदराने तिला परत दिलं. मला त्याचा रागही करता येईना.

आता नितीनने तुला लिहून दाखवलेल्या सवलतीचं सांगते. नवागामपासून पाटियापर्यंत पंधराचं तिकीट आहे. कंडक्टर म्हणतो, दस आपी दे, बेसी जा. दहा द्यायचे, तिकीट मागायचं नाही. पाच आपले वाचले असं आपण समजतो. मीही समजत होते. ठेकेदाराला रोज पाच रुपयांनी हरवतेय अशा थाटात मी दोन वर्षं खिडकीशी बसून वर्तमानपत्र वाचलं. प्रत्येक अन्यायावर बोट ठेवणारी मी, माझ्याच हातात तिकीट नाही हे मला दिसलं नाही. त्या दहाच्या नोटा सरकारात जात नाहीत, मशीनमध्ये जात नाहीत. आपण बसमध्ये होतो याचा कागदच नाही. आपणच रोज आपलं नाव खोडलं आणि वर खूश झालो.

पण मी मान खाली घालून परत आले नाही. साहेबाला विचारलं, माणसं दाखवली तर बस ठेवाल का? तो म्हणाला, चोवीस ते तीस मार्च, एक आठवडा. मशीनमध्ये दर फेरीला तीस तिकिटं दिसली तर बस चालू ठेवायची शिफारस करीन. मी ते त्याच्याकडून लिहून घेतलं.

मी वाचलंय की अमेरिकेतल्या एका शहरात काळ्या लोकांनी वर्षभर बसवर बहिष्कार टाकला. पायी चालले, चपला झिजवल्या, पण बसमध्ये बसले नाहीत, आणि जिंकले. आपल्याला फक्त बसायचंय आणि पूर्ण पैसे द्यायचेत. इतकं सोपं बंड जगात कुणाच्या वाट्याला आलं नसेल.

आठवडा सुरू व्हायची वाट मी बघणार नाही. उद्या सकाळी तिकीट मागणार आहे. कंडक्टर कोण आहे ते मला माहीत आहे.

रागावलास तरी पत्र पाठव.

तुझी,
सुवर्णा


नवागाम, सुरत
बुधवार, १२ मार्च २०२५

ती. आप्पांना संदीपचा शि. सा. न. वि. वि.

आत्याने लिहिलंच असेल. तिच्यासारखं मला लिहिता येत नाही. पण माझ्या तोंडून तुम्हाला कळलं पाहिजे.

हो, मी तिकीट न देता पैसे घेतो. सगळेच घेतात. मी लागलो तेव्हा पहिला आठवडा सगळ्यांना तिकीट दिलं. आठव्या दिवशी डेपोच्या सुपरवायझरने ड्युटी दिली नाही. बाकावर बसवून ठेवलं. बाकावरच्या चौथ्या दिवशी एका जुन्या कंडक्टरने सांगितलं की फेरीला दहा-बारा तिकिटं फाडायची, म्हणजे मशीन चालू दिसतं, बाकीचं रोख सुपरवायझरकडे. त्यातलं थोडं तो परत आपल्या हातात ठेवतो. ते नाही म्हटलं तर ड्युटी नाही. एजन्सीचा पगार दोन-दोन महिने येत नाही, तेव्हा मी तुम्हाला जे पाठवत होतो ते यातलं होतं. हे लिहायला मला तीन कागद लागले.

काल सकाळच्या फेरीला आत्या चढली. मी नेहमीसारखं पुढे सरका म्हटलं. तिने पंधरा रुपये पुढे केले आणि सगळ्या बसला ऐकू जाईल असं म्हणाली, “माले तिकीट पायजे.” मी हळूच म्हटलं, आत्या, बेस ना. ती बसली नाही. मी मशीन काढलं तर त्यात तिकिटाच्या कागदाचा रोलच नव्हता. पिशवीत खाली एक रोल सापडला, तो घातला, तिकीट काढलं. तोपर्यंत डिंडोलीचा थांबा आला होता. त्यानंतर दोघांनी तिकीट मागितलं. बाकीच्यांनी माझ्याकडे बघितलं आणि दहा दिले. माझी दया आली त्यांना.

संध्याकाळी सुपरवायझरला कळलं होतं. त्याने शिवी दिली नाही. फक्त म्हणाला, चोवीसच्या आठवड्यात मशीनमध्ये जास्त तिकिटं दिसली तर एक तारखेपासून घरी बस.

आत्याशी मी भांडलो नाही. ती माझा डबा भरते आणि माझ्याशीच लढते. काय करू ते तुम्ही सांगा. तुम्ही सांगाल तसं करीन.

आईला नमस्कार. तुमचा आशीर्वाद अजून माझ्या नावावर असेल असं धरतो.

आपला,
संदीप


ता. अमळनेर, जि. जळगाव
रविवार, १६ मार्च २०२५

सुवर्णा,

आशीर्वाद लिहायला हात होत नाही, पण लिहिलेत असं समज.

दोन्ही पत्रं एकाच दिवशी आली. पोराचं आधी वाचलं. तुझं नंतर वाचलं आणि फाडणार होतो. तुझ्या वहिनीने हातातून घेतलं.

तुला बस पाहिजे, मला पोरगा पाहिजे. भर बसमध्ये तू त्याला उघडं पाडलंस. घरात बोलायला जागा नव्हती? तो चोर असेल तर सुपरवायझर कोण, आणि त्याच्या वरचा कोण? त्यांना कुणी तिकीट मागितलं का? पहिला हात घातलास तो आपल्याच ताटात.

संदीपला सांगायचं ते इथेच लिहितो, त्याला वाचून दाखव. चोवीस ते तीस त्याने आजारी पडावं. ताप सांगावा, काहीही सांगावं. दुसरा कंडक्टर येईल, तुम्ही त्याच्याकडे खुशाल तिकिटं मागा. माझ्या मुलाने तुझ्या लढाईत उभं राहू नये.

आणि तूही सोड. गरिबाने कागदाच्या नादी लागू नये. हातात येतं ते आपलं. कागदाने आपल्यासारख्याचं आजवर काय भलं केलं?

उत्तर लिहू नकोस.

हिलाल


नवागाम, सुरत
शुक्रवार, २१ मार्च २०२५

ती. दादास, रागावलेल्या दादासही, सा. न. वि. वि.

उत्तर लिहू नकोस म्हणालास, म्हणून लिहितेय. टपालाला वेळ नाही, नितीन आजच्या गाडीने गावी येतोय, त्याच्या हाती देते. तो समोर बसून राहील. वाचून होईपर्यंत त्याला हाकलू नकोस.

तुझं खरं आहे ते आधी मान्य करते. बसमध्ये मागण्याआधी मी घरात संदीपशी बोलायला हवं होतं. तो माझ्या ताटात जेवतो, आणि मी त्याला चाळीस माणसांसमोर उभं केलं. त्याची माफी मागितली. तो म्हणाला, आत्या, रोल नव्हता त्याचीच जास्त लाज वाटली.

सुपरवायझरला आणि त्याच्या वरच्याला कुणी विचारलं का म्हणतोस. आम्ही विचारणार, पण कशाच्या जोरावर? हात रिकामे असतील तर ते पुन्हा पाणी देतील आणि स्क्रीन वळवतील. आठवड्याची तिकिटं हातात आली की मी त्यांच्या दारात जाऊन बसेन. त्या दिवशी माझं भाषण छोटं असेल.

आता कागदाचं. हे मी कधी बोलणार नव्हते. लूमवर तुझं नाव मस्टरला नव्हतं, दादा. सेठ म्हणाला होता, नाव चढवलं तर पगारातून कापावं लागेल, त्यापेक्षा हातात थोडे जास्त घे. तू घेतलेस. तुझ्या जागी मीही घेतले असते. मग कान गेले, आणि भरपाई मागायला तू दारात उभा राहिलास तेव्हा मुनीमाने वही उघडून दाखवली की या नावाचा माणूस इथे कधी कामालाच नव्हता. मी तुझ्या शेजारी उभी होते. त्याचं बोलणं तुला ऐकू आलं नाही, मला आलं. तू विचारलंस काय म्हणाला, आणि मी खोटं सांगितलं, म्हटलं उद्या बोलावलंय. बावीस वर्षं तू तिथे होतास आणि त्याचा एक चिटोरा तुझ्याकडे नव्हता. कागदाने आपलं भलं केलं नाही म्हणतोस. आपल्या हाती तो कधी येऊ दिला होता? थोडे जास्त देऊन तोच तर आपल्याकडून विकत घेतला. तिथे सेठ होता, इथे ठेकेदार आहे, आणि नवागामची वस्ती पाच रुपयांना तीच चूक पुन्हा करतेय. या वेळी मी करू देणार नाही.

तुझं पत्र मी संदीपला वाचून दाखवलं, एक शब्द गाळला नाही. आजारी पडण्याचा भाग दोनदा वाचायला लावला त्याने. मग उठला, कपडे केले आणि डेपोत गेला. परत आला तेव्हा त्याच्याजवळ तिकिटाचे सहा रोल होते, सही करून घेतलेले. जेवताना एवढंच म्हणाला की आप्पांना कळव, मला ताप नाही. तू सांगशील तसं करीन म्हणाला होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने तुझं ऐकलं नाही. मला रडू आलं, पण मी ते त्याला दिसू दिलं नाही.

मग आता अडलंय कुठे? माणसांत अडलंय. गेले दहा दिवस दारोदार फिरतेय. पाच रुपये जास्त द्यायला लोक तयार आहेत. पण सगळे एकच म्हणतात, पोराची नोकरी आमच्या हाताने कशी घालवायची? उखा तर सांगत सुटलाय की सुवर्णा भाच्याचा घास हिरावतेय आणि हिलालभाऊने तिला तोडलं. तुझ्या पत्राची बातमी त्याला कशी लागली माहीत नाही, पण लागली. पुष्पाबाई मला म्हणाली, तू आत्या आहेस, तू म्हणशील ते खरं. पण बापाचं काय म्हणणं आहे? मी तासभर बोलू शकते, दादा, पण बापाच्या जागी उभी राहू शकत नाही. संदीपने ठरवलं, मी ठरवलं, आणि वस्ती तुझ्यासाठी थांबली आहे. त्यांची दया संदीपला वाचवणार नाही. दुसऱ्या रूटचं एजन्सी नुसतं तोंडी म्हणते, त्याचाही कागद नाही; बसच राहिली नाही तर सुपरवायझर त्याला कुठल्या सीटवर बसवणार आहे?

नोकरी जाणार नाही असं वचन मी देत नाही. कदाचित जाईल. गेली तर तिकिटांनी भरलेलं मशीन हातात ठेवून जाईल, आणि मी त्याच्या बाजूने त्याच ऑफिसात उभी राहीन. तुझ्यासारखा तो दारातून रिकाम्या हाताने परत येणार नाही.

वहिनीला घेऊन ये किंवा एकटा ये. माझ्यावरचा लोभ पूर्वीसारखा ठेवायचा की नाही ते इथे येऊन ठरव. रविवारच्या गाडीने नितीनबरोबर निघ, उधन्याला उतर, आणि सोमवारी सकाळी साडेसहाच्या पहिल्या फेरीला सगळ्या वस्तीच्या देखत सर्वांत आधी तू चढ, पंधरा रुपये पुढे कर आणि तुझ्या मुलाकडे तिकीट माग.

तुझी,
सुवर्णा